गुलाबाला जोमदार फुटवा आला? आधी बुडाशी बसून पाहा

पावसाचा जोर ओसरू लागला की गुलाबाच्या झुडपातून कधीकधी एकच फांदी इतर फांद्यांना मागे टाकून सरसर वर जाते. जुन्या फांद्यांची पाने काळ्या ठिपक्यांनी पिवळी पडून गळालेली असतात, आणि ही मात्र बघता बघता डोक्याइतकी उंच होते. पाने हिरवीगार, खोड रसरशीत, कुठे कीड नाही की डाग नाही. घरातले सगळे खूश होतात. शेणखत लागू पडले, पाऊस मानवला, असे म्हणून तिला काठीचा आधार दिला जातो आणि शेजारच्या मरगळलेल्या फांद्या छाटल्या जातात. नेमका इथेच गुलाब हातचा जातो. कारण पुष्कळदा ती उंच फांदी तुम्ही पैसे देऊन आणलेल्या गुलाबाची नसते. ज्या रानवट झाडाच्या मुळांवर तो गुलाब वाढवलेला असतो, त्या झाडाची ती असते.

म्हणून तिचे कौतुक करण्याआधी, आणि तिला सिकेटर लावण्याआधीही, ती कुठून निघाली आहे ते बघा. पानांवरून, काट्यांवरून, उंचीवरून निकाल देऊ नका. बुडाशी बसा, खुरप्याने माती हलकेच बाजूला करा आणि फांदीचा उगम डोळ्यांनी पाहा. पाच मिनिटांचे काम आहे, पण झाड राहणार की जाणार हे त्यावर ठरते.

एका खड्ड्यात दोन झाडे

रोपवाटिकेतून येणारा मोठ्या फुलांचा गुलाब बहुधा डोळा भरून तयार केलेला असतो. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या उरुळी कांचनच्या रोपवाटिका असोत की आपल्या भिवंडी-ठाणे रस्त्याकडेला बसणारा रोपवाला, रीत एकच. पावसाळ्यात एखाद्या काटक गुलाबाची पेन्सिलीएवढी जाड काडी लावतात. तिने मुळे धरली की थंडीत तिच्या सालीला इंग्रजी 'टी' अक्षरासारखी चीर देतात, हव्या त्या जातीचा एक डोळा सालीसकट काढून त्या चिरेत सरकवतात आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी आवळून बांधतात. डोळा जमला की त्याच्या वरचा काडीचा भाग कापून टाकतात. पुढचे सगळे झुडूप, सगळी फुले त्या एका डोळ्यातून येतात. खाली राहिला तो खुंट. महाराष्ट्रात खुंटासाठी रोझा मल्टिफ्लोरा आणि रोझा इंडिका ओडोराटा हे गुलाब वापरतात. उत्तर भारतात एडवर्ड गुलाबाचा खुंट जास्त चालतो.

हा खुंट म्हणजे दिखाऊ गुलाबाला मिळालेले दणकट पाय. भारी जमीन, थोडेसे खारे पाणी, अधूनमधून होणारी आबाळ, हे सगळे तो सोसतो. पण त्याला स्वतःलाही वाढायचे असते. काडी लावताना जमिनीत जाणारे तिचे डोळे चाकूने साफ काढून टाकायचे असतात. हजारो काड्या लावणाऱ्या हातांकडून एखादा डोळा राहून जातोच. तो वर्षानुवर्षे झोपून राहतो. वरचे झुडूप जोमात असते तोपर्यंत शेंड्यांकडून खाली उतरणारे संप्रेरक, म्हणजे ऑक्सिन, त्याला दाबून ठेवते. झुडूप खंगले की तो दाब उठतो आणि खुंटाचा डोळा जागा होतो.

झुडूप खंगण्याची आपल्याकडची वेळ ठरलेली आहे. काळ्या ठिपक्याच्या बुरशीला पान सलग सातेक तास ओले मिळाले की पुरते. भिवंडीजवळच्या राहनाळ, पूर्णा, काल्हेर या पट्ट्यात आषाढ-श्रावणात पान सात तास काय, दिवसचे दिवस कोरडे होत नाही. गुलाबाची पाने झडतात, शेंडे वाळतात, आणि मुळांनी साठवलेले सगळे बळ खालच्या खुंटाच्या डोळ्याला मिळते. खुंटाच्या जातीला हा रोग तितका छळत नाही. त्यामुळे भर पावसाळ्यात, बाकीचे झाड उघडेबोडके असताना, तीच फांदी निरोगी दिसते. आपली फसगत होते ती या निरोगीपणामुळेच.

हा पट्टा मुळात भातशेतीचा. खालची माती चिकण, पाणी धरून ठेवणारी. आता जिथे गोदामे आणि इमारती झाल्या, तिथे मुरूम आणि राडारोड्याचा भराव टाकून जागा उंच केलेली असते आणि त्यावर अंगणापुरती माती पसरलेली असते. अशा जागी दरवर्षी वरून माती-खत पडत राहते आणि डोळा भरलेली जागा हळूहळू गाडली जाते. वरून घट्ट झालेली जमीन खुरप्याने जोर लावून खणली की मुळांना जखमा होतात, आणि जखमेच्या ठिकाणाहूनही खुंट फुटतो. म्हणून आपल्याकडे गुलाबाची लावणी करताना डोळ्याची गाठ जमिनीच्या दोन-तीन बोटे वर ठेवावी. आळे करायचे ते उथळ, आणि गुलाबाच्या बुडाशी खुरपे खोल घालायचे नाही.

गाठ कशी ओळखायची

माती बाजूला केली की खोडाच्या बुडाशी एक फुगीर, खडबडीत जागा दिसेल. तिथून एका बाजूला झुडपाच्या फांद्या निघालेल्या असतात आणि जुन्या रोपात दुसऱ्या बाजूला खुंटाचा शेंडा कापल्याची वाळकी खूण असते. हीच डोळा भरलेली गाठ. नवी फांदी गाठीच्या खालून किंवा थेट मुळावरून निघाली असेल तर ती खुंटाची. गाठीतून किंवा तिच्या वरून निघाली असेल तर ती तुमच्या गुलाबाची, आणि तिला जपायचे आहे.

पाच पर्णिका असल्या तर खरा गुलाब, सात असल्या तर जंगली, असा एक ठोकताळा सर्रास सांगितला जातो. त्यावर विसंबून कुणी चांगली फांदी उपटू नये. जोमात असलेल्या संकरित गुलाबाच्या फांदीवरही सात पर्णिकांची पाने येतात, आणि खुंटाच्या काही जातींच्या पानांत पाचच असतात. पान बघायचेच असेल तर एकट्या आकड्यावर न थांबता जुन्या फांदीच्या पानाशेजारी ठेवून रंग, जाडी, कडेचे दाते, काट्यांची ठेवण असे सगळे ताडून पाहा. मल्टिफ्लोराची एक खूण मात्र चांगली आहे: पानाचा देठ फांदीला जिथे चिकटतो तिथली छोटी उपपर्णे झालरीसारखी कातरलेली असतात. मोठ्या फुलांच्या बहुतेक गुलाबांची नवी फूट तांबूस किंवा जांभळट निघते, खुंटाची पोपटी हिरवी असते, हीदेखील मदतीची खूण. शेवटचा निर्णय मात्र गाठ पाहूनच घ्या.

गाठ सापडलीच नाही तर? मग रोप काडीपासून लावलेले असण्याची शक्यता आहे. गावठी देशी गुलाब, बटण गुलाब, बाजारात काश्मिरी म्हणून मिळणारे छोटे गुलाब हे बरेचदा स्वतःच्याच मुळांवर असतात. त्यांच्या जमिनीतून येणाऱ्या प्रत्येक फुटव्याचे स्वागत करा; तिथे खुंटच नाही. आपल्या उष्ण-दमट हवेत स्वतःच्या मुळांवर तगणारे गुलाब घडवण्याचा प्रश्न गंभीरपणे घेणारे संशोधक आपल्या देशात आहेत. कोडाईकनालचे एम. एस. वीरराघवन यांनी ईशान्येकडचा रोझा जायगँटिया आणि पाणथळ जागी वाढणारा रोझा क्लिनोफिला या भारतीय रानगुलाबांपासून संकर केले. कोकणपट्टीतल्या माणसाने या कामाकडे लक्ष ठेवावे. युरोपच्या थंडीसाठी घडलेला गुलाब आपल्या पावसाळ्यात दरवर्षी हाल सोसत असतो.

खुंटाचा फुटवा काढताना

जमिनीलगत कापून टाकणे ही सर्वांत सोपी आणि सर्वांत वाईट पद्धत. कापलेल्या बुंध्याशी चार-पाच डोळे शिल्लक राहतात आणि महिन्याभरात एकाच्या जागी चार फुटवे उभे राहतात. फुटवा मुळापासून ओरबाडून काढायचा. जाड हातमोजे घाला. आदल्या दिवशी पाणी द्या म्हणजे माती मऊ राहील. जिथून तो निघाला आहे तिथपर्यंत बोटांनी माती उकरा, एका हाताने खुंट धरा आणि दुसऱ्या हाताने फुटवा खाली आणि बाहेर असा झटक्याने खेचा. तो बुडाच्या टाचेसकट निघाला पाहिजे, म्हणजे त्याच्याबरोबर झोपलेले डोळेही निघून येतात. फार जाड झाला असेल आणि ओढताना खोड हलत असेल तर धारदार चाकूने टाचेसकट कोरून काढा.

जखम उघडी ठेवू नका. दमट हवेत तिथूनच शेंडेमर उतरते. बोर्डो मलम घरी करता येते: प्लॅस्टिकच्या भांड्यात अर्ध्या लिटर पाण्यात 100 ग्रॅम मोरचूद विरघळवा, दुसऱ्या भांड्यात अर्ध्या लिटरमध्ये 100 ग्रॅम कळीचा चुना विझवून निवू द्या, मग दोन्ही एकत्र ढवळा. त्यात लोखंडी पाते क्षणभर बुडवून बघा. पात्यावर तांब्याचा तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे, आणखी घाला. हे मलम त्याच दिवशी वापरायचे. छाटणीच्या वेळी सगळ्या कापांना तेच ब्रशने लावा. मुलांच्या हाती लागू देऊ नका आणि धातूच्या भांड्यात करू नका.

फुटवा वीतभर असतानाच दिसला तर हे काही लागत नाही. अंगठ्याने दाबून तो मोडून येतो. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा बुडाशी नजर टाकली की काम भागते.

फांदी गाठीच्या वरची निघाली तर

मग मात्र आनंद माना. गाठीतून निघणारी जाड तळफूट म्हणजे झाडाने स्वतःला पुन्हा तरुण करणे. गुलाबाच्या फांद्या तीन-चार वर्षांत करड्या आणि कठीण होतात, त्यांच्यावरची फुले लहान होत जातात. झाडाचे पुढचे आयुष्य या नव्या फांद्यांवर असते. तळेगाव दाभाडे आणि मावळातले पॉलिहाऊसवाले शेतकरी याच तळफुटीसाठी खटपट करतात. रोप लहान असताना ते बारीक फांद्या कापत नाहीत, वाकवून खाली झुकवतात. झुकलेल्या फांद्यांची पाने अन्न तयार करत राहतात आणि बुडातून जाड, सरळ फांद्या उसळतात. बाजारात भाव मिळतो तो अशाच लांब दांड्यांना.

ही फूट कोवळी असताना बुडाशी फार नाजूक असते. पावसाच्या एका झोडपणीत, मांजराच्या धक्क्याने ती टाचेतून निखळते. तिला लगेच काठी द्या आणि सुतळी आठच्या आकड्यात सैल बांधा. गुडघ्याएवढी झाली आणि शेंड्याला कळी दिसायच्या आत असेल तर पाच पर्णिकांच्या पानाच्या वर शेंडा खुडा. मन धजत नाही, पण खुडावेच. न खुडलेली जोमदार फूट शेंड्याला एकदम दहा-बारा बारक्या कळ्यांचा झुपका धरते आणि वजनाने वाकते. खुडलीत तर दोन-तीन बाजूच्या फांद्या फुटतात, खोड भरते आणि थंडीत मोठी फुले येतात.

ऑक्टोबरच्या मध्यात पाऊस पूर्ण उघडला की छाटणी करा. त्या वेळी ही नवी फांदी ठेवून सर्वांत जुनी करडी फांदी बुडातून काढा. झुडपावर चार-पाच दमदार फांद्या पुरे. कोकणात फार खोल छाटू नका; गुडघ्याच्या वर ठेवलेले झुडूप लवकर सावरते. छाटणीनंतर साधारण दीड महिन्यात, नोव्हेंबर संपता संपता, फुले लागतात.

कधीकधी गाठीच्या वरून निघालेली फांदी थांबतच नाही. पान तेच, काटा तोच, पण शेंड्याला कळी नाही, आणि सहा-सात फूट वाढ. झुडपी गुलाबात अचानक वेल होण्याचा बदल घडतो आणि तो त्या फांदीपुरता कायम राहतो. 'पीस' या जगप्रसिद्ध गुलाबाचा वेल असाच मिळाला. जर्मनीच्या कोर्डेस यांनी 1958 मध्ये आणलेल्या पांढऱ्या 'आइसबर्ग'चा वेल 1968 मध्ये बाजारात आला, तोही असाच. अशी फांदी दिसली तर शेंडा खुडू नका. साल पिकू द्या, मग चार-पाच दिवसांत थोडी थोडी वाकवून कुंपणाला किंवा गॅलरीच्या गजाला जवळजवळ आडवी बांधा. फांदी आडवी झाली की शेंड्याची सत्ता मोडते आणि तिच्यावरच्या प्रत्येक डोळ्यातून फूल धरणारी छोटी फांदी निघते. नुसत्याच लांबलेल्या, फुले न देणाऱ्या कुठल्याही पिकलेल्या फांदीवर ही युक्ती करून पाहण्यासारखी आहे.

जोम आहे, फूल नाही

उगम बरोबर आहे, तरी झाड नुसते पाल्यावर गेले आहे, अशीही तक्रार असते. याची कारणे दोन. पहिले नत्राचा अतिरेक: युरियाची मूठ, तबेल्यातले न कुजलेले शेण, किंवा शोषखड्ड्याजवळची लावणी. पाने मोठी, गडद आणि लुसलुशीत होतात, फांदी मऊ राहते, आणि मावा व भुरी तिच्यावरच आधी तुटून पडतात. अशा झाडाला दोन महिने नत्र बंद करा. छाटणीच्या वेळी पूर्ण कुजलेले शेणखत चार-पाच किलो आणि ओंजळभर निंबोळी पेंड द्या. पालाश द्यायचा तर सल्फेट ऑफ पोटॅश घ्या. खाडीकडच्या बाजूला जिथे बोअरचे पाणी मचूळ आहे तिथे म्युरेट ऑफ पोटॅश टाळावे, कारण त्यात क्लोराईड असते आणि गुलाब ते सोसत नाही.

दुसरे कारण सावली. शेजारी गोदामाची उंच शेड किंवा नवी इमारत उभी राहिली की ज्या अंगणात सकाळपासून ऊन होते तिथे ते दुपारी तासभर येते. गुलाब उजेडाकडे धावतो. दोन पानांमधले अंतर वाढते, फांदी बारीक आणि लांब होते, शेंडा आंधळा, म्हणजे कळीविना, राहतो. लांबून पाहिले तर हीदेखील जोमदार वाढच वाटते. याला खत नाही, औषध नाही. पाच-सहा तास ऊन मिळेल अशी जागा, नाहीतर गच्ची. जमिनीतला गुलाब हलवायचा तो थंडीच्या सुरुवातीला, छाटून, मोठ्या गड्ड्यासकट.

परदेशात गुलाब लावणाऱ्या आपल्या लोकांसाठी

अमेरिकेत गेलेल्या मुलामुलींच्या घरून हाच प्रश्न येतो: पिवळा गुलाब लावला होता, तीन वर्षांनी गडद लाल फुले आली, तीही वर्षातून एकदाच. तिथेही खुंटच वर आलेला असतो. त्याचे नाव 'डॉक्टर ह्युई'. कॅप्टन जॉर्ज थॉमस यांनी 1914 मध्ये घडवलेला हा लाल वेलगुलाब 1920 मध्ये बाजारात आला आणि पुढे अमेरिकी रोपवाटिकांचा आवडता खुंट बनला. थंडीत वरचा गुलाब मेला की हा उगवतो. कडाक्याच्या थंडीच्या भागात गाठ मातीखाली गाडायला सांगतात, ते तिथे बरोबर आहे. इथला आणि तिथला सल्ला एकमेकांत मिसळू नका.

तिथे आणखी एक धोका आहे, आणि तो जास्त गंभीर. फांदी एकाएकी जाड झाली, तिच्यावर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त मऊ काटे आले, शेंड्याला लालभडक, वेडीवाकडी, झाडूसारखी फूट आली आणि ती पिकूनही हिरवी होत नाही, तर तो रोझ रोझेट हा विषाणूजन्य रोग असू शकतो. सूक्ष्म कोळी तो वाऱ्यावर पसरवतात. टेक्सासात डॅलसच्या परिसरात त्याने सार्वजनिक बागांचे मोठे नुकसान केले. त्यावर इलाज नाही. झाड मुळासकट काढून पिशवीत बंद करून टाकायचे. मात्र नत्राने लाल झालेली कोवळी फूट किंवा तणनाशकाचा वारा लागून विस्कटलेली फूटही अशीच दिसते, म्हणून काढण्याआधी जवळच्या कृषी विस्तार केंद्रात नमुना दाखवावा. तिकडे हा रोग फोफावायला रानोमाळ पसरलेला मल्टिफ्लोराच कारण झाला. 1930 च्या दशकापासून जमिनीची धूप थांबवायला आणि जिवंत कुंपण म्हणून तो सरकारी सल्ल्याने लावला गेला होता.

सगळाच खुंट झाला असेल तर

समजा, उशीर झाला. वरचा गुलाब वाळून गेला आणि आता अंगणात आहे तो नुसता खुंट, पाच-सहा फूट उंच, बारक्या पांढऱ्या किंवा गुलाबी फुलांचा. उपटून फेकू नका. भरावाच्या जमिनीत तगून दाखवलेली मुळे तुमच्या हाती आहेत. जुन्या गुलाबाची एखादी हिरवी काडी उरली असेल, किंवा शेजाऱ्यांकडे हवी ती जात असेल, तर थंडीत, डिसेंबर ते फेब्रुवारी, तुम्हीच डोळा भरा.

खुंटाच्या दोन-तीन पेन्सिलीएवढ्या सरळ फांद्या ठेवा, बाकीच्या काढा. आधी चार दिवस भरपूर पाणी द्या, म्हणजे साल लाकडापासून सहज सुटते. डोळ्यासाठी नुकतेच फूल गळलेली फांदी घ्या. तिचा काटा आडवा दाबल्यावर टचकन मोडला तर डोळा पिकला आहे. पाने कापा, पण देठाचा बोटभर तुकडा धरायला ठेवा. इंचभर सालीसकट डोळा काढा, खुंटाच्या फांदीवर बुडापासून दोन-तीन इंचांवर 'टी' चीर देऊन तो आत सरकवा, आणि डोळा मोकळा ठेवून पट्टी बांधा. दोन-तीन डोळे भरा, एक तरी जमतो.

तीन आठवड्यांनी देठाच्या तुकड्याला बोट लावा. तो सहज गळून पडला आणि खाली डोळा हिरवा असेल तर जमला. देठ काळा होऊन चिकटून राहिला असेल तर गेला. त्याच फांदीच्या दुसऱ्या बाजूला पुन्हा भरा. जमलेल्या डोळ्याच्या वर दोन बोटे सोडून फांदी अर्धी कापून वाकवून ठेवा, आणि डोळ्यातून निघालेली फूट वीतभर झाली की तो वरचा भाग पूर्ण काढा. पट्टी तेव्हाच चाकूने उभी चिरून सोडा, नाहीतर वाढत्या खोडात ती रुतते आणि फांदी तिथेच मोडते. त्यानंतर पहिले वर्षभर गाठीच्या खाली दिसेल तो प्रत्येक अंकुर अंगठ्याने मोडत राहा.